मोरीच्या वळणावरचा बावटा

टमटम सुरू झाली की आत्मारामचा उजवा पाय आपोआप दाबला जायचा. त्या पायाखाली पत्र्याशिवाय काही नव्हतं. ब्रेक होता तो कुंदनच्या पायाखाली, आणि कुंदनची त्या ब्रेकशी जुजबी ओळख होती.

"काका, पत्र्याला भोक पडंल," कुंदन म्हणायचा.

"तू दाबत नाय म्हणून मी दाबतो."

"हा काय तुमचा मचवा हाय? मागून टँकर येतोय बघा. थांबलो तर वरून जाईल."

मागं पाट्या घेऊन बसलेल्या बायका हसायच्या. आत्माराम हसायचा नाही. त्याचं लक्ष पुढच्या रस्त्यावर असायचं, आणि दोन्ही हात समोरच्या दांडीला.

नवापूरच्या किनाऱ्यावर तो जन्मभर तांडेल होता. तांडेल म्हणजे होडीचं सुकाणू ज्याच्या हाती, तो. दुसऱ्याच्या हातात जीव देऊन बसायची त्याला सवय नव्हती. समुद्र सुटला तो खांद्यामुळे. जाळं ओढायच्या यंत्रात दोर अडकला, यंत्र बंद न करताच त्यानं तो हातानं सोडवायला घेतला, आणि दोरानं खांदा उखळातून काढला. डॉक्टरांनी तो बसवला, पण हात कानाच्या वर जाईना. ज्याचा हात कानाच्या वर जात नाही त्यानं होडीवर राहू नये, त्याच्या वाटचं काम दुसऱ्याला करावं लागतं. हे त्याला कुणी सांगितलं नाही. त्याचं त्यालाच कळलं. सुकाणू धाकट्या भावाच्या हाती देऊन तो उतरला.

उतरला, पण बसला नाही. बसणं त्याला जमलंच नाही. सकाळी बायको टमटमनं बाजाराला गेली की हा नाक्यावर उभा. ती परत येईपर्यंत घर ते नाका, नाका ते बंदर, असा नुसता हेलपाटा. चहा घेतला तरी उभ्यानं. बंदरावरची माणसं म्हणायची, आत्मारामच्या पायाला अजून लाटा लागतात.

त्याची बायको शालू बोईसरच्या बाजारात मासे विकायची. नळाच्या डाव्या अंगाची जागा. आधी तिथं सासू बसायची, सासू गेली आणि ही बसू लागली. त्या बाजारात जागेचा कागद कुणाकडेच नव्हता. रोज येऊन बसायचं, एवढाच पुरावा. काही दिवस जागा रिकामी दिसली की शेजारची बाई आपली पाटी सरकवायची, आणि एकदा पुढं सरकलेली पाटी मागं जात नाही. शालूनं आजारपणं काढली ती तिथं बसून. ताप असला तर डोक्याला फडकं बांधून बसायची आणि गिऱ्हाइकाला म्हणायची, "ताप मला हाय, पापलेटाला नाय. घे."

तिचं भांडण रस्त्याशी होतं. नवापूरहून बोईसरला जायचा तो रस्ता कसा मोडतो, हे नाक्यावर उभं राहून आत्मारामला पाठ झालं होतं. आधी केसासारखी चीर जाते. चिरेत पाणी बसतं. वरून कारखान्याचा भरलेला टँकर जातो, चाकाखाली पाणी दाबलं जातं आणि डांबर आतून उचकटतं. मग ताटाएवढा खड्डा, मग परातीएवढा. ठेकेदाराची गाडी कधीतरी यायची. दोन माणसं उतरून खडी आणि मुरूम पाण्यातच टाकायची. आधी पाणी उपसायचं, कडा सरळ कापायच्या, थर घालून धुम्मस मारायचा, यातलं काही नाही. टाकलं, फावड्याच्या पाठीनं थोपटलं, गाडीत बसले. एकदा आत्माराम त्यांना म्हणाला, "बाबांनो, खड्डा भरताय का त्याला नैवेद्य दाखवताय?" ते हसले. त्यांनाही सांगितलं होतं तेवढंच ते करत होते. पुढच्या सरीला मुरूम कडेच्या खाजणात, खाडीच्या दलदलीत, वाहून गेला.

चालवणारेही रस्त्याला शोभणारे. खड्डा चुकवायचा म्हणून उजवीकडून, उजवीकडून कुणी आला म्हणून कडेच्या मातीवरून. मोटारसायकलवाला कानाला फोन लावून. टमटमवाला पुढच्या टमटमच्या आधी प्रवासी गाठायचे म्हणून. हळू चालवणाऱ्याला मागून भोंगे मारमारून कडेला लावायचे. या रस्त्यावर सावकाश जाणं हाच गुन्हा झाला होता.

मागच्या पावसाळ्यात शालू मागच्या फळीवर, बरोबर चाकाच्या वर बसली होती. कुंदननं खड्डा पाहिला, पण वेग कमी केला नाही. उडवून नेऊ, असा त्याचा हिशेब. टमटम उडाली आणि शालू फळीवरून उचलली जाऊन परत फळीवर आदळली. त्या दिवशी ती मासे विकून घरी आली, पण पाटी डोक्यावरून उतरवताना तिथेच वाकून राहिली. डॉक्टरांनी फोटो काढला. मणक्यामधली गादी सरकली होती. पट्टा दिला, गोळ्या दिल्या आणि शेवटी आत्मारामकडे बघून म्हणाले, "पुन्हा असा दणका बसला तर पायांतली ताकद जाऊ शकते. मग चालणं अवघड."

घरी आल्यावर आत्माराम म्हणाला, "बस झाला बाजार."

"बसले घरी तर पाय शाबूत राहतील," शालू म्हणाली. "पण न्यायचे कुठं ते? या खोलीतून त्या खोलीत?"

तिच्या तोंडाला कोण लागणार. आत्मारामनं एवढंच केलं, कुंदनला बजावून तिला पुढच्या बाकावर जागा ठरवून घेतली. पुढं दणका कमी बसतो. कुंदन काही वाईट पोरगा नव्हता. बोईसरच्या अलीकडं त्याच्या बापाची चिकूची वाडी होती, झाडावर चढून चिकू उतरवण्याचा कंटाळा म्हणून त्यानं टमटम घेतली. काकूला पुढं बसवायचं त्यानं मान्य केलं. फक्त हळू चालवायचं तेवढं त्याला जमत नव्हतं.

या वर्षी जून-जुलैत मासेमारी बंद झाली, होड्या वर ओढल्या. शालू सुकी मासळी घेऊन बाजाराला जातच होती. आत्मारामच्या पडवीत भावाचे बावटे पडले होते. समुद्रात जाळं टाकलं की त्याचं एक टोक होडीशी असतं. दुसऱ्या टोकाला बांबू तरंगत ठेवतात, वर काळं किंवा लाल फडकं. लांबून येणाऱ्या होडीनं ते बघायचं आणि बाजूनं जायचं. एका सकाळी नाक्यावर उभं राहण्याऐवजी आत्मारामनं ते बांबू खांद्यावर टाकले, चांगल्या खांद्यावर, आणि रस्त्यानं निघाला.

काठी रोवायची म्हणजे नुसती खुपसायची नाही. टँकरच्या वाऱ्यानं ती आडवी होते. त्यानं पहारीनं आधी खालची माती मोकळी केली, बांबूचं टोक तासून आत घातलं, भोवती दगड बसवले, दगडांच्या फटीत लहान खडे ठोकले, आणि हलवून पाहिलं. हललं तर परत काढून परत. एक हात नीट चालत नसल्यानं पहार मारताना सगळा जोर कमरेतून आणावा लागे. एका खड्ड्याला सकाळ जायची. पण त्यानं लावलेला बांबू वाऱ्यानं कधी पडला नाही.

गावातल्यांनी आधी थट्टा केली. "आतूदादा, बोंबील लागले का खड्ड्यात?" शेजारची नलू, जी बाजारात शालूच्याच रांगेला बसायची, ती टमटममधून ओरडायची, "दादा, भरती कधी हाय रस्त्याला?" मग थट्टा ओसरली. सकाळी अंधूक उजेडात पावसात ती लाल फडकी दिसायची आणि गावची माणसं बरोबर त्यांच्या बाहेरून गाड्या काढायची. एका पोराची मोटारसायकल वाचली, असंही कुणी सांगितलं. आत्माराम कुंदनला म्हणाला, "बावटा बघून जात जा." कुंदन म्हणाला, "बघतो की." एवढंच बोलणं झालं. याहून जास्त काही सांगायचं असतं, हे आत्मारामच्या मनातही आलं नाही.

नारळी पुनवेनंतर होड्या गेल्या, ताजी मासळी आली. पहिल्याच आठवड्यात रात्रभर पाऊस कोसळला. सकाळी शालू, नलू आणि आणखी दोघी पाट्या घेऊन कुंदनच्या टमटममध्ये बसल्या. गावाबाहेर खाजणापाशी रस्त्याखालून पाणी जायची एक मोरी आहे, तिथं रस्ता वळतो. त्या वळणावर डाव्या कडेपासून जवळजवळ मध्यापर्यंत एक मोठा खड्डा होता, आत्मारामनं त्याला बावटा लावलेला. त्या सकाळी खड्डा, कड, रस्ता, सगळं एकाच पाण्याखाली होतं.

आत्माराम नाक्यावरच होता. फोन नलूचा आला. "दादा, टमटम आडवी झाली. मोरीच्या वळणावर. वहिनीला उचललीय, बोईसरला नेतायत. तुमी या." मागं कुणीतरी कण्हत होतं. ते कण्हणं शालूचं आहे की दुसऱ्या कुणाचं, हे त्याला ओळखता येईना, आणि तेच त्याला दवाखान्यापर्यंत छळत राहिलं.

शालू खाटेवर सरळ झोपलेली. तिला विचारलं तर म्हणाली, "पाय हाय. बोटं हलतात. बघा." तिनं चादरीखाली बोटं हलवून दाखवली. मणक्याला चीर गेली होती. दीड महिना सरळ पडून राहायचं, मग पट्टा लावून हळूहळू उठायचं. डॉक्टर नवं काही बोलले नाहीत. पुन्हा दणका नको, हेच पुन्हा म्हणाले.

कुंदन दवाखान्याच्या दाराशी उभा होता, कपाळाला पट्टी. आत्मारामनं त्याची कॉलर धरली.

"किती जोरात होतास रे? खरं सांग."

"जोरात होतो, काका. नाय म्हणत नाय. पण तुमचा बावटा होता की मधी! मी त्याला चुकवला."

"कुठल्या अंगानं?"

"डाव्या."

"आतून? बावट्याच्या आतून गेलास? अरे, आतून कोण जातं?"

"आत काय, बाहेर काय, मला काय म्हाईत?" कुंदनही आता चिडला. "काठी दिसली. काठी जिथं, खड्डा तिथं. समोरून टँकर आला, मी काठीपासून लांब, कडेला घेतली. कोण पण तेच करंल. रोज मी तुमच्या गावच्या गाड्यांच्या मागनं जायचो, ते बाहेरनं जायचे, मी पण जायचो. आज सगळ्यात पुढं मी होतो. आमी वाडीची माणसं, काका. आमाला चिकू कळतात, तुमचं जाळं नाय कळत."

आत्मारामच्या हातातली कॉलर सुटली.

घरी न जाता तो चालत मोरीपाशी गेला. पाणी उतरलं होतं. खड्डा उघडा पडला होता, आणि बावटा रस्त्याच्या मध्याकडच्या टोकाला ताठ उभा. आत्मारामनं जन्मभर लावला तसाच लावलेला. जाळं होडीपासून पसरतं, बावटा त्याच्या शेवटच्या टोकाला. शहाण्यानं बावट्याच्या पलीकडून जायचं. कडेपासून बावट्यापर्यंत जे आहे ते सगळं जाळं. समुद्रावर हे शेंबड्या पोराला कळतं. तो नवापूरच्या बाजूनं चालत मागं गेला, वळून टमटमवाल्यासारखं रस्त्याकडं पाहिलं. लांबून एक काठी दिसत होती. तिच्या डावीकडं मोकळा रस्ता दिसत होता. पाणी भरल्यावर तर सपाटच दिसला असता.

बावटा इतका पक्का रोवला होता की उपटायला त्याला घाम फुटला. उपटला आणि हातात घेऊन उभा राहिला. परत कुठं लावायचा, हे त्याला कळेना.

दवाखान्यात परत येऊन शालूला त्यानं सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, छताकडं बघत. मग म्हणाली, "माझ्या जागेचं काय?"

"तुला जागेचं पडलंय?"

"तुमचं खड्ड्याचं झालं ना सांगून? आता माझं सांगा. नलू दोन दिवस माझ्या पाटावर फडकं टाकून ठेवील. तिसऱ्या दिवशी ते फडकं कुणीतरी उचलणार. तुमी जा."

"मी? पुरुष माणूस विकायला बसू? त्या बायकांच्या रांगेत?"

"मग नका बसू. दीड महिन्यानं मी उठंन तवा दारात बसून माश्या मारीन."

त्यांच्यात मासा पकडायचा पुरुषानं आणि विकायचा बाईनं. होडी काठाला लागली की पुरुषाचं काम संपलं. मासा पाटीत पडला की त्याचा भाव, त्याचं गिऱ्हाईक, त्यावरचं भांडण, सगळं बाईचं. बाजारात बसलेला कोळी आत्मारामनं पाहिला नव्हता. पण दुसऱ्या दिवशी तो पाटी घेऊन नाक्यावर उभा राहिला. टमटम आली. चालवणारा कुंदनच होता, दुसरी गाडी भाड्यानं घेतलेली. आत्माराम शालूच्या जागी पुढं बसला.

बाजारात त्याला पाहून रांगेत हशा फुटला.

"अगो बाय, शालूनं दाढी ठेवली!"

"नलू, तुझ्या शेजारणीला सांग, पदर नीट घे म्हणावं."

आत्माराम मान खाली घालून बसला. मांडी घालून तेवढा वेळ बसायचं, हीच पहिली शिक्षा. मासे कापायची विळी त्याच्या हाताला नीट लागत होती, पण जीभ लागत नव्हती. गिऱ्हाइकानं भाव पाडून मागितला की तो रागवायचा, "जा मग, समुद्रात जाऊन पकड," आणि गिऱ्हाईक खरंच जायचं. नाहीतर पहिल्याच मागणीला देऊन मोकळा व्हायचा. नलू कपाळावर हात मारायची. "दादा, गिऱ्हाईक जातं म्हणतं तवा ते जात नसतं हो! त्याला दोन पावलं जाऊ द्यायचं, मग हाक मारायची." त्याला ती दोन पावलं कधी साधली नाहीत. कधी लवकर हाक मारली, कधी गिऱ्हाईक बाजाराबाहेर गेल्यावर. पण जागा राहिली. नळाच्या बाजूच्या शेजारणीनं एकदा पाटी पुढं ढकलून पाहिली. आत्मारामनं ती उचलून परत ठेवली आणि नीट बसला.

त्यापेक्षा कठीण होता तो रस्ता. आता तो नाक्यावर उभा नव्हता, रोज आत होता. पुढच्या बाकावरून त्याला दिसलं की चालवणाऱ्याला वेळच मिळत नाही. काचेवर पाणी, पुढच्या गाडीचा चिखल, मागून भोंगा, समोरून दिवे. खड्डा दिसतो तेव्हा चाक त्यात असतं. तरीही जमेल तेवढी घाई कुंदन करायचाच. आत्मारामचा पाय पत्र्यावर दाबलेलाच राही. घरी गेल्यावर पोटरीत गोळे यायचे.

चौथ्या-पाचव्या दिवशी मोरीच्या वळणावर आत्माराम म्हणाला, "थांबव."

कुंदननं थांबवली. बायका कुरकुरल्या.

"आता तू सांग," आत्माराम म्हणाला. "काठी कुठं लावली तर तुला कळंल?"

कुंदननं रस्त्याकडं पाहिलं. पहिल्यांदाच नीट पाहिलं असावं. "बरोबर मधी. खड्ड्याच्या पोटात. आणि एक इथं अलीकडं, कडेला, लांबनं दिसंल अशी. आणि काका, लाल फडकं चिखलानं काळं होतं. पांढरं लावा."

त्या दिवशी बाजारातून आल्यावर दोघांनी मिळून बांबू लावले. दगड आत्मारामनं बसवले, पहार कुंदननं मारली. कुंदनचे दोन घाव झाले की आत्माराम म्हणायचा, "हातानं मारू नको, कमरेनं मार. हात दुखतील." कुंदनचे हात दुखलेच. पण मोरीच्या वळणावर तो आता वेग कमी करायला लागला. बाकी रस्त्याला तो तसाच होता. एवढ्यानं माणूस बदलत नाही.

नवरात्र संपलं आणि मासळीला गिऱ्हाईक उसळलं. शालू पट्टा लावून घरात फिरत होती. आत्माराम भावात काय घोळ घालतो ते नलू रोज तिला तिखटमीठ लावून सांगायची. एका संध्याकाळी शालू म्हणाली, "उद्या मी जाते."

"डॉक्टर म्हणाले दणका नको."

"म्हणून तुमी बरोबर चला. दणका बसू देऊ नका."

"ते माझ्या हातात हाय का?"

"मग कुणाच्या हाय?" शालू म्हणाली. "मी उठून कुणाला जाऊन विचारू? ठेकेदाराला? टँकरवाल्याला? आमच्या अंगावर पडतं ते आमीच झेलायचं. उद्या जाते."

त्या रात्री आत्माराम दोनदा उठून दारापाशी गेला. पाऊस होता.

सकाळी कुंदनच्या एका अंगाला शालू बसली, दुसऱ्या अंगाला आत्माराम. शालूच्या कमरेखाली त्यानं घडी करून गोधडी ठेवली. मागं नलू आणि पाट्या. पाऊस थांबला होता, पण खाजण भरून रस्त्यावर आलं होतं. मोरीच्या वळणावर कुंदननं ब्रेक दाबला.

बांबू नव्हते. एकही नाही. रात्री कुठलातरी टँकर कडेनं गेला असणार, एक बांबू मोडून खाजणात तरंगत होता, दुसऱ्याचं पांढरं फडकं चिखलात रुतलेलं. पुढं सगळं पाणी. कड कुठं संपते, खड्डा कुठं सुरू होतो, काही कळत नव्हतं.

"काका, कुठनं घेऊ?" कुंदन म्हणाला.

आत्मारामलाही माहीत नव्हतं. कालचा खड्डा आज कालच्या जागी असेल याचा भरवसा नव्हता. शालू दोन्ही हातांनी दांडी धरून समोर बघत होती. मागून भोंगा वाजला. टँकर येऊन टेकला होता.

आत्माराम उतरला. खाजणाच्या कडेला जाऊन तरंगता बांबू ओढून घेतला. ओहोटीला खाडीच्या तोंडातून होडी आत घालायची असली की पुढं एक माणूस बांबूनं पाणी बघत उभा राहतो, आणि तांडेल त्याच्या हाताकडं बघून सुकाणू फिरवतो. आत्मारामनं कितीतरी जणांना असं पुढं उभं केलं होतं. स्वतः कधी उभा राहिला नव्हता. तो पाण्यात शिरला, गुडघ्याच्या खालीपर्यंत, आणि बांबू टेकवत चालू लागला. टेकला, टणक. टेकला, टणक. टेकला, बांबू हातभर आत गेला. तो उजवीकडं सरकला, परत टेकवला.

"माझ्या पायांवर चाक ठेवून ये," तो मागं न बघता ओरडला. "माझा पाय जिथं, तिथंच."

टमटम त्याच्या मागं रांगू लागली. टँकरवाल्यानं भोंग्यावर हातच ठेवला. मग डोकं बाहेर काढून ओरडला, "ए चाचा! मछली पकड़ रहे हो क्या?"

आत्मारामनं ऐकलं नाही, पण शालूनं ऐकलं. पट्ट्यामुळं तिला वळता येत नव्हतं, म्हणून ती समोर बघूनच ओरडली, "हां! तेरे जैसा मोठा बोंबील मिलेगा तो तेरेकोच देगी! थांब जरा!"

मागं नलू आणि बायका खो-खो हसल्या. भोंगा क्षणभर बंद झाला, आणि परत सुरू झाला.

समोरून एक मोटारसायकल आली. आत्मारामला हात वर करून तिला थांबवायचं होतं. त्यानं चांगल्या हातात बांबू धरला होता, म्हणून दुसरा उचलला. तो कानापर्यंत आला आणि तिथेच थांबला. मोटारसायकलवाल्याला तेवढा पुरला. तो थांबला, पाय टेकून उभा राहिला. त्याच्या मागं आणखी एक. टेकला, आत गेला. टेकला, आत गेला. आत्माराम पार उजव्या कडेपर्यंत सरकला. टेकला, टणक. शेवटच्या दोन पावलांत त्याचा स्वतःचा पाय खळग्यात गेला आणि तो कमरेपर्यंत भिजला, पण टमटमचं चाक त्याच्या आधीच्या पावलावर होतं, ते तिथंच थांबलं. तो उठला, चाचपून बाजूचं टणक शोधलं, आणि हात हलवला. टमटम पाण्याबाहेर आली. कुठंही न आपटता.

मागं वळून त्यानं बांबू खड्ड्याच्या पोटात, जिथं सगळ्यात जास्त आत जात होता तिथं रोवला. नीट नाही, नुसता खुपसला. दगड बसवायला वेळ नव्हता. टँकर अंगावर येत होता. त्याच्यापुढं तो बांबू दुपारपर्यंतही टिकणार नाही, हे त्याला दिसत होतं. परतताना थांबावं लागेल, पहार आणावी लागेल.

तो निथळत कुंदनच्या शेजारी येऊन बसला.

"कंबर?" त्यानं विचारलं.

"हाय जागेवर," शालू म्हणाली. "चला आता. नळाच्या बाजूची ती बाई पाटी सरकवून बसली असंल."

कुंदननं गियर टाकला. पुढचा रस्ता थोडा बरा होता, आणि उशीर भरून काढायला त्यानं लगेच वेग घेतला. आत्मारामचा पाय पत्र्यावर दाबला गेला. पँटचं पाणी पिळायला तो वाकला, तेव्हा त्याला दिसलं, कुंदनच्या पलीकडं शालूचाही उजवा पाय पत्र्यावर गच्च दाबलेला होता.

"कुंदन," दोघं एकदमच म्हणाले, "हळू."